शिसवाचा गाभा

माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर माफ करा, आणि शब्द साधे आहेत त्याबद्दलही. गोष्ट मात्र मनापासून सांगतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

समुद्रात फक्त शिडाची जहाजे फिरत, त्या काळी एका खाडीकाठी एक गाव होते. गावात कौलारू चर्च होते आणि गावाच्या टोकाला एक सुतार राहत होता. त्याच्या पूर्वजांना कोणे एके काळी आफ्रिकेतून जहाजात कोंडून आणले होते. त्याचा रंग काळाभोर, केस बारीक कुरळे. त्याच्या रक्ताची माणसे एकेक करून दुसऱ्या बंदरांकडे निघून गेली. आई वारली, तेव्हा गावात तसा तो एकटाच उरला.

गाव वाईट नव्हते. पण कोणीतरी म्हणायचे, "सुतारदादा, अंधारात जरा हसत चाला हो, म्हणजे आम्ही धडकणार नाही!" सगळे हसायचे. तोही हसायचा. लहान पोरे त्याच्या हातावर बोट घासायची आणि रंग लागला का ते बघायची. तो मुकाट्याने हात पुढे करायचा.

घरी बोलायला कोणी नव्हते. आईचा ढोल त्याने भिंतीकडे तोंड करून खुंटीला टांगला होता. आईचे गाणे तो कधी गात नसे. आई ते गायची, तेव्हा लोक हसत.

त्या गावाची एक रीत होती. उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, मोठा लाकडी वधस्तंभ खांद्यावर घेऊन टेकडीपर्यंत जायचे. तो कोणी वाहायचा, त्याचे नाव चर्चचे पाळक पुकारत. ते नाव कधीच सुताराचे नसे. 'प्रभू, एकदा तरी मला हाक येऊ दे,' एवढेच त्याचे मागणे होते.

एका वर्षी जुना वधस्तंभ झिजला. पाटील सुताराला म्हणाले, "नवा कर बाबा. पण जरा उजळ लाकडाचा कर. मागचा म्हणजे जळका ओंडका वाटायचा."

शिसवाला बाहेरून पांढरट लाकूड असते आणि आत काळा गाभा. पांढरे टाकायचे, गाभा ठेवायचा, हे सुताराच्या पोरालाही ठाऊक असते. यालाही बापाने तेच शिकवले होते. पण याच्या मनाने घेतले की उजळ वधस्तंभ केला तर कदाचित आपल्याला हाक येईल. त्याने गाभा अंगणात फेकला आणि पांढऱ्या फळ्या जोडून वधस्तंभ घडवला.

"वा! असा पाहिजे," लोक म्हणाले. पाळकांनी नाव पुकारले. ते पाटलांच्या जावयाचे होते.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. पुन्हा उत्तम शुक्रवार उजाडला. यंदा एका कोळ्याचे नाव निघाले. त्याने वधस्तंभ खांद्यावर घेतला मात्र, तो मधोमध मोडला. आतून भुसा सांडला. वाळवीने सगळा पोखरला होता.

"अंगाने काळा आणि कामानेही काळा!" पाटील ओरडले.

सुतार मान खाली घालून घरी आला. म्हातारे पाळक काठी टेकत त्याच्या मागोमाग अंगणात शिरले. तिथे गाभ्याचे दोन ओंडके वर्षभर ऊन-पाऊस खात पडले होते. पाळकांनी काठीने ठोकून पाहिले. आवाज खणखणीत आला.

"हे का टाकलेस?"

"काळे आहेत म्हणून."

पाळक तिथेच ओंडक्यावर बसले. "प्रभू वधस्तंभ वाहून थकला, तेव्हा शिपायांनी वाटेवरच्या एका माणसाला वेठीस धरले. त्याने तो प्रभूच्या मागून वाहिला. तो कुठला होता, ठाऊक आहे?"

"नाही, पाळकबुवा."

"आफ्रिकेचा. तुझे पूर्वज ज्या भूमीतून आले, तिचाच."

सुताराने दुसऱ्या ओंडक्यावरची माती हाताने पुसली. मग म्हणाला, "माझी आई जन्मभर चर्चच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिला हे कोणी का सांगितले नाही?"

"सांगायचे काम माझे होते," पाळक म्हणाले. "मी तेवढी ओळ भराभर वाचून पुढे जायचो. मला माफ कर, बाळा."

दुपारपर्यंत सुताराने दोन्ही ओंडके तासून एकमेकांत बसवले. चुना नाही, रंग नाही. चर्चपुढे लोक पुन्हा जमले, पण गाभा इतका जड की कोळ्याला तो उचलवेना. पाळकांनी दुसरे नाव पुकारायला तोंड उघडले, पण सुतार त्याआधीच वाकला होता. त्याने हाकेची वाट पाहिली नाही. त्याच्या पूर्वजांच्या भूमीतल्या त्या माणसाला हाक फार पूर्वीच आली होती.

चढावर धाप लागली, तेव्हा त्याच्या तोंडून आईचे गाणे निघाले. पूर्वजांच्या भाषेतले. अर्थ त्यालाही निम्माच कळत होता. कोणी हसले नाही. कोणी साथही दिली नाही. पाटील अर्ध्या वाटेवरून परतले. टेकडीवर पोहोचेपर्यंत मागे थोडीच माणसे उरली. त्यांतल्या एका लहान मुलीने त्याच्या घामेजल्या हातावर हात ठेवला. नंतर तिने आपली बोटे पाहिली नाहीत.

संध्याकाळी तो एकटाच घरी आला. घर तसेच रिकामे होते. त्याने ढोलाचे तोंड भिंतीकडून खोलीकडे वळवले आणि त्याच्याजवळ बसून राहिला.

त्या वधस्तंभाला पुढे कधी वाळवी लागली नाही.

बोध एवढाच: देवाने दिलेला रंग आणि पूर्वज लपवून देवाची सेवा होत नाही, ते बरोबर घेऊनच त्याच्यामागे चालावे लागते.

मीही त्या सुताराच्याच रंगाचा. ही गोष्ट शनिवारी लिहून संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये गेलो, दाराजवळची माझी नेहमीची जागा सोडली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो. त्या बाकावर दुसरे कोणी आले नाही. तरी मी उठलो नाही.