रताळ्याच्या मळ्याचं कुंपण

"पण माझं मन स्थिर झालंय की नाही, एवढं तरी सांगाल का, बुवा?"

भालचंद्राने हे पिशवी खांद्याला लावूनच विचारलं. मठात आल्यापासून रोज ध्यानाला बसायचा आणि डोळे उघडले रे उघडले की हाच प्रश्न. उत्तर कधी मिळायचं नाही. बिचारा अगदी रडकुंडीला आला होता. आज त्याने ठरवूनच टाकलं होतं, बुवा गप्प राहिले तर दुपारच्या एसटीने सरळ घर गाठायचं.

तुळाजीबुवा मळ्यात उभे होते. रानडुकरांनी रताळ्यांचा पार चुथडा केला होता, म्हणून कुंपणाचे लोखंडी खांब येऊन पडले होते.

"गाडीला वेळ आहे ना? मग एक खांब ठोकून जा बाबा. माझे हात भरून आलेत."

ठोकायला एक जडशीळ पाइप होता, एका तोंडाने बंद, दोन्ही अंगांना मुठी. तो खांबावर टोपीसारखा चढवायचा, वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. बस्स.

भालचंद्राने चार-पाच दणके घातले आणि पाइप काढून खांब हलवून बघितला.

हलला.

पुन्हा दणके. पुन्हा हलवून बघितलं. आता तर जास्तच हलला!

"ह्या मातीत दमच नाही, बुवा."

"असं म्हणतोस..."

बुवांनी शेजारीच दुसरा खांब उभा केला, पाइप चढवला आणि दणादण ठोकत सुटले. हात भरून आलेला माणूस असा ठोकतो होय! मध्ये एकदाही त्यांनी खांब चाचपला नाही. मग घाम पुसला आणि भालचंद्राच्या खांद्यावरची पिशवी काढून त्या खांबाला अडकवली.

खांब ढिम्म.

भालचंद्राने आपल्या खांबाकडे पाहिलं. हलवून हलवून बुडाशी चांगलं भोक पडलं होतं.

त्याने तो उपटला आणि जरा सरकून नव्या जागी धरला. हलवून बघायला हात शिवशिवले, पण मुठी त्याने सोडल्या नाहीत. मग पुढचा खांब. मग त्याच्या पुढचा... दणक्यांचा आवाज समोरच्या डोंगरावरून परत येऊ लागला, तशी त्याला भलतीच मजा वाटायला लागली. गडी चक्क गायला लागला, तेही बेसूर!

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. त्याने मानही वर केली नाही.

ऊन उतरलं तेव्हा शेवटचा खांब बसला होता. बुवा पिशवी घेऊन आले.

"अरे, तुझी गाडी?"

"गेली असेल, बुवा!" भालचंद्र खो खो हसत सुटला.

"आणि तुझा तो प्रश्न?"

"प्रश्न..."

खरंच की! दुपारभर तो आठवलासुद्धा नव्हता. भालचंद्राचा चेहरा आनंदाने फुलून आला.

"म्हणजे बुवा, आता माझं मन..."

बुवांनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"अरे अरे, हलवू नकोस!"