रोज बारा हात

एका राज्यात एक माग होता. डोंगरातल्या एका सिद्धाने तो घडवला होता. त्यावर विणलेलं हातभर कापड अंगावर पांघरलं की कसलाही ताप घटकेत उतरे. माग सूर्योदयाला सुरू होई, सूर्यास्ताला थांबे, आणि तेवढ्या वेळात बारा हात कापड देई. तेरावा हात त्याने कधी दिला नव्हता.

या मागाची राखण भागीरथा नावाच्या विणकरणीकडे होती. ती सूत लावी आणि तिचा तरणाताठा नवरा रंगनाथ मागावर बसून धोटा फेकी.

राजा उदयभान दानशूर म्हणवून घ्यायला आसुसलेला. तापाची साथ आली तेव्हा त्याने दवंडी पिटवली, "माझ्या दारी आलेला कोणी रित्या हाताने परतणार नाही." दुसऱ्या दिवशी दारात चोवीस माणसं उभी राहिली.

राजाने भागीरथेला बोलावलं. "आज चोवीस हात हवेत."

माग बारा देतो हे तिला ठाऊक होतं. पण राजाने भरदरबारात तिला आसन दिलं होतं, आणि ते तिला आवडलं होतं. ती म्हणाली, "जशी आज्ञा."

राजाच्या पदरी कालकेतू नावाचा मांत्रिक होता. त्याने मागाला काळा धागा बांधला. संध्याकाळी चोवीस हात कापड निघालं. रंगनाथ मागावरून उठला तेव्हा त्याचे केस पिकले होते.

छपराच्या आढ्यावर एक साळुंकी राहत असे. ती बोलली, "बाई, बाराच्या वरचा एकेक हात एकेक वर्ष घेतो. बसणाऱ्याच्या आयुष्यातलं."

दानाची कीर्ती पसरली. शेजारच्या राज्यांतून पालख्या आल्या. राजा म्हणाला, "आज छत्तीस."

भागीरथेने साळुंकीचं बोलणं त्याला सांगितलं.

"मी शब्द दिला आहे," राजा म्हणाला. "तो माघारी कसा घेऊ?"

रंगनाथ म्हणाला, "रांगेत लहान पोरं आहेत. मी बसतो." आणि भागीरथेने दुसऱ्यांदा म्हटलं, "जशी आज्ञा."

त्या संध्याकाळी त्याला दोघांनी धरून खाली उतरवलं. तोंडात दात नव्हते. बायकोचा हात हातात घेऊन तो तिचं नाव आठवत राहिला.

तिसरी आज्ञा आली. "उद्या तीनशे."

भागीरथेने साळुंकीला विचारलं, "हा धागा कसा तुटेल?"

"तो तुटत नाही, जळत नाही. धागा आहे तोवर राजाने उच्चारलेला आकडा पुरा झाल्याशिवाय माग बसलेल्याला उठू देत नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत मागावर कोणीच बसलं नाही, तरच धागा गळून पडेल."

सकाळी भागीरथा रांगेतून चालत गेली. प्रत्येकाच्या कपाळाला तिने हात लावून पाहिला. सरदारांची कपाळं थंड होती, त्यांच्या कारभाऱ्यांचीही थंड. पुढेमागे लागलं तर पेटीत असावं, म्हणून ते आले होते. तीनशेंत अकरा कपाळं तापलेली निघाली. अकरावं गोदू कुंभारणीचं.

"बाई, मला दुपारपर्यंत मिळेल ना?" गोदूने विचारलं.

भागीरथेने तिच्या कपाळावरचा हात काढून घेतला. ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, ताप अकरांना आहे. आज माग चालणार नाही."

"ही राजाज्ञा आहे."

"मग आज्ञा देणाऱ्याने मागावर बसावं."

राजा मागशाळेत आला. त्याने कालकेतूकडे पाहिलं, प्रधानाकडे पाहिलं, सेनापतीकडे पाहिलं. तिघांनी माना खाली घातल्या. राजा मागाजवळ बराच वेळ उभा राहिला, बसला मात्र नाही. बाहेर रांगेत कोणीतरी कण्हत होतं. ते भागीरथेने दिवसभर ऐकलं, आणि ती जागची हलली नाही.

सूर्य मावळला. काळा धागा गळून जमिनीवर पडला. कालकेतू भिंतीत विरून गेला.

अकरांपैकी चौघे तोवर गेले होते. त्यांत गोदू होती.

दुसऱ्या दिवसापासून दारात आधी कपाळ पाहू लागले. ज्याला ताप, त्यालाच कापड. पालख्या यायच्या थांबल्या. आता भागीरथाच मागावर बसे; माग पुन्हा रोज बारा हात देऊ लागला आणि तेवढे पुरू लागले. राजाने दुसरी दवंडी पिटवली, की त्याच्या दानाने साथ हटली. लोकांनी त्याचा जयजयकार केला. गोदूचा नवरा त्या दिवसापासून भागीरथेच्या दारावरून जाईनासा झाला, आणि तिने त्याला कधी हाक मारली नाही.

महिन्याअखेरी एका संध्याकाळी हातभर कापड उरलं. घ्यायला कोणी नव्हतं. भागीरथेने ते घरी नेलं आणि रंगनाथच्या अंगावर पांघरलं. त्याला ताप नव्हता. म्हातारपणावर त्या कापडाचा काही इलाज चालत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तिने कडा नीट खोचल्या आणि ती उशाशी बसून राहिली.

"ऊब चांगली आहे," रंगनाथ म्हणाला. "कोणी विणलं हे?"