टिचकीचं अख्खं गाजर

शेवंतामावशीच्या परसात, कढीपत्त्याच्या झाडाखाली, राहायची एक उंदरी.
नाव तिचं टिचकी.
अंगाने एवढीशी. शेपूट मात्र लांबच लांब.
चालायची कशी? तुरु तुरु, तुरु तुरु.

टिचकीला गाजर फार आवडायचं. पण मिळायचं काय?
एका वर्षी मिळाली नुसती साल.
पुढच्या वर्षी मिळालं नुसतं बूड.
टिचकी म्हणाली, "यंदा मी गाजर लावणार. माझं स्वतःचं. अख्खं."

मावशीने गाजराचं बी सुपात वाळत घातलं होतं. त्यातलं एक बी खाली सांडलं. एकच. ते टिचकीला सापडलं.
टिचकीने बी तोंडात धरलं आणि निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

आता गाजराच्या बीला असते बारीक बारीक लव. ती गेली टिचकीच्या नाकात.
आ... आ... आऽऽक्छी!
बी उडालं. टुप! जाऊन पडलं जमिनीच्या भेगेत.
टिचकीने हात घातला. हात पोचेना.
शेपूट घातलं. शेपूट पोचेना.
एकच तर बी होतं. टिचकीला रडू आलं.
मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं. तिथेच उगवू दे."

पण तिथली माती कशी होती? दगडासारखी. टक टक वाजायची.
टिचकी म्हणाली,
"मातीबाई, मातीबाई, मऊ व्हा ना.
बी माझं रुजेना."

माती म्हणाली, "मी नाही मऊ होत जा. येता जाता सगळे मला तुडवतात. थप थप, थप थप. आता गांडुळाने उकरलं तरच मी मऊ होईन."

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
गांडूळ होतं खोल बिळात. टिचकीने बिळाला तोंड लावलं.
"गांडूळदादा, गांडूळदादा, माती उकरा ना.
माती मऊ होईना,
बी माझं रुजेना."

आतून गांडूळ म्हणालं, "मी नाही येत जा. वर सगळं कोरडं. माझं अंग खरचटतं. झारीने पाणी शिंपलं तरच मी वर येईन."

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
झारी पडली होती भिंतीजवळ. आडवी.
"झारीताई, झारीताई, पाणी शिंपा ना.
गांडूळ माती उकरेना,
माती मऊ होईना,
बी माझं रुजेना."

झारी म्हणाली, "मी नाही शिंपत जा. पोटात पाणी कुठेय? आत एक कोळी आहे, तोही झोपलाय. नळाने मला भरलं तरच मी शिंपेन."
कोळी आतून म्हणाला, "हळू बोला."

टिचकी निघाली. हळूच. तुरु तुरु, तुरु तुरु.
नळ होता कोपऱ्यात, नाक खाली करून उभा.
"नळोबा, नळोबा, पाणी सोडा ना.
झारी पाणी शिंपेना,
गांडूळ माती उकरेना,
माती मऊ होईना,
बी माझं रुजेना."

नळ म्हणाला, "मी नाही सोडत जा. कुणी कान पिळल्याशिवाय मी पाणी देत नाही."
टिचकी नळाच्या कानाला लोंबकळली. हूं! हूं! हूं!
कान काही हलला नाही. टिचकीच झुलली.
नळ म्हणाला, "गुदगुल्या करू नकोस. जा, मावशीला बोलाव. मावशीने कान पिळला तरच मी पाणी सोडेन."

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
मावशी होती मागच्या दारात. कशी? एका पायावर उभी!
सकाळपासून तशीच.
"मावशी, मावशी, परसात या ना.
नळ पाणी सोडेना,
झारी पाणी शिंपेना,
गांडूळ माती उकरेना,
माती मऊ होईना,
बी माझं रुजेना."

मावशी म्हणाली, "कशी येऊ गं बाई? परसात काटेच काटे. एका पायात चप्पल आहे, दुसऱ्या पायातली ढब्बूने नेली. त्याने चप्पल दिली तरच मी येईन."
"मग तुम्ही घरात का जात नाही?" टिचकीने विचारलं.
"घरात गेले तर चप्पल कोण शोधणार?" मावशी म्हणाली आणि पाय बदलला. लगेच परत बदलला. त्या पायात चप्पल नव्हती.

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.
ढब्बू म्हणजे मावशीचा कुत्रा. तो होता पेरूच्या झाडाखाली. चपलेवर डोकं ठेवून पडलेला.
"ढब्बूभाऊ, ढब्बूभाऊ, चप्पल द्या ना.
मावशी परसात येईना,
नळ पाणी सोडेना,
झारी पाणी शिंपेना,
गांडूळ माती उकरेना,
माती मऊ होईना,
बी माझं रुजेना."

ढब्बू म्हणाला, "मी नाही देत जा. माझ्या गोणपाटावर बोका बसलाय. मग मी डोकं कशावर ठेवू? बोका गोणपाटावरून उठला तरच मी चप्पल देईन."
"तुम्हीच उठवा ना त्याला."
"मी?" ढब्बू म्हणाला. "तो ओरबाडतो."

टिचकी निघाली. तुरु तुरु...
आणि थांबली.
बोका?
बोका कुणाला खातो, माहिती आहे ना? टिचकीलाही माहिती होतं.
तिचं शेपूट थरथरलं. मिश्यासुद्धा थरथरल्या.
पण भेगेत बी होतं. एकच बी.
टिचकी पुढे गेली. तुरु... तुरु... तुरु...

बोक्याचं नाव रावसाहेब. रावसाहेब गोणपाटावर पसरले होते, उन्हात, डोळे मिटून. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.
टिचकी कुंडीमागे लपली. नुसतं नाक बाहेर काढलं. आणि एका दमात म्हणाली,
"रावसाहेब, रावसाहेब, गोणपाट सोडा ना.
ढब्बू चप्पल देईना,
मावशी परसात येईना,
नळ पाणी सोडेना,
झारी पाणी शिंपेना,
गांडूळ माती उकरेना,
माती मऊ होईना,
बी माझं रुजेना."

रावसाहेबांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "मी नाही सोडत जा. आत्ताच दूधभात खाल्ला. ऊन छान आहे. आता मी कशालाही उठणार नाही."
"कशालाही?"
"हां, समोरून उंदीर पळाला तर मात्र उठावं लागेल. आमच्या घराण्याची रीत आहे."
टिचकीने नाक आत घेतलं.
रावसाहेब म्हणाले, "तुझ्या ओळखीचा आहे का एखादा उंदीर?"
टिचकी म्हणाली, "आहे एक."
"मोठा आहे?"
"लहान आहे."
"चालेल. पाठवून दे," रावसाहेब म्हणाले आणि कूस बदलली. घुर्र घुर्र.

टिचकी कुंडीमागे बसली.
तिला बिळात जाता आलं असतं. बीळ जवळच होतं. कुणाला कळलंही नसतं.
पण मग गाजर? परत साल? परत बूड?
टिचकीने शेपूट गुंडाळून पोटाशी घेतलं. एक मोठा श्वास घेतला. कुंडीमागून बाहेर आली. रावसाहेबांच्या अगदी नाकासमोर.
आणि म्हणाली, "रावसाहेब, तो उंदीर मीच."
आणि पळाली!
तुरुतुरुतुरुतुरुतुरु!

रावसाहेबांनी डोळे उघडले.
"अरेच्चा," ते म्हणाले आणि धावले. धप धप, धप धप!
पुढे टिचकी, मागे रावसाहेब.
तुरु तुरु, धप धप.
मिरच्यांमधून. तुरु तुरु, धप धप.
वांग्यांखालून. तुरु तुरु, धप धप.
टिचकी धावता धावता दमली. कोपऱ्यात शिरली. समोर भिंत. वर नळ. मागे रावसाहेब.
आता काय?

आता असं झालं.
रावसाहेब गोणपाटावरून उठले, म्हणून ढब्बू गोणपाटावर बसला.
ढब्बू गोणपाटावर बसला, म्हणून त्याने चप्पल दिली.
ढब्बूने चप्पल दिली, म्हणून मावशी परसात आली. फटक फटक, फटक फटक.
मावशी परसात आली, म्हणून तिने नळाचा कान पिळला.
मावशीने कान पिळला, म्हणून नळाने पाणी सोडलं.
आणि नळाखाली कोण होतं?
रावसाहेब!
भस्स्स!
डोक्यावर पाणी. मिश्यांवर पाणी. शेपटीवरही पाणी.
"आमच्या घराण्यात अंघोळ करत नाहीत," असं ओरडत रावसाहेब पळाले, ते थेट कौलांवर जाऊन बसले आणि अंग चाटू लागले.
टिचकी भिंतीला चिकटून उभी होती. भिजली होती तीही. पण हसत होती.

नळाने पाणी सोडलं, म्हणून झारी भरली. कोळी तरंगत बाहेर आला आणि म्हणाला, "मी दुसरं घर बघतो."
झारी भरली, म्हणून तिने पाणी शिंपलं. झिर झिर, झिर झिर.
झारीने पाणी शिंपलं, म्हणून गांडूळ वर आलं. वळवळ, वळवळ.
गांडूळ वर आलं, म्हणून त्याने माती उकरली. खुसखुस, खुसखुस.
गांडुळाने माती उकरली, म्हणून माती मऊ झाली. भुसभुशीत, भुसभुशीत.
माती मऊ झाली, आणि टिचकीचं बी तिच्या कुशीत जाऊन बसलं.

मावशी खाली वाकली. बी पाहिलं. मग टिचकीकडे पाहिलं.
"हे तुझं गाजर होय? मग असं उघडं ठेवून नाही चालायचं. गाजराचं बी फार हट्टी. मातीची वरची साय जरा वाळली की उगवत नाही. वरून ओलं गोणपाट घालायला हवं."
सगळ्यांनी कुणाकडे पाहिलं?
ढब्बूकडे.
ढब्बू गोणपाटावर होता. "मी आत्ताच तर बसलोय," ढब्बू म्हणाला.
मावशीने गोणपाट ओढलं. ढब्बू घरंगळला. गोणपाट भिजवून मातीवर पसरलं.
मग ढब्बूने काय केलं? गुपचूप मावशीच्या चपला नेल्या. या वेळी दोन्ही.
मावशी आता शहाणी झाली होती. ती बाजारातून गमबूट घेऊन आली. त्यानंतर रोज पाणी घालायला यायची, डबाक डबाक, डबाक डबाक.

टिचकी रोज सकाळी गोणपाटाचं टोक उचलायची.
"आलं?"
"नाही," माती म्हणायची.
दुसऱ्या दिवशी, "आलं?"
"नाही."
तिसऱ्या दिवशी, "आलं?"
"नाही म्हटलं ना. झाक आधी. गार वारा लागतोय."
असे किती दिवस? दहा? नाही. अकरा? नाही. बाराव्या दिवशी टिचकीने टोक उचललं.
"आलं?"
माती नुसती हसली.
मातीतून आला होता हिरवा हिरवा कोंब. टिचकीच्या मिशीपेक्षा बारीक.
मावशीने गोणपाट काढलं आणि ढब्बूला दिलं. ढब्बूने वास घेतला. त्याला गाजराचा वास येतो असं तो म्हणाला. पण बसला.

कोंबाची पानं झाली. पानांचा झुबका झाला. टिचकी त्याच्या सावलीत झोपायची.
माती भुसभुशीत, म्हणून गाजर सरळ खाली गेलं. सुळकन. वाटेत कुठे अडलं नाही, कुठे वाकलं नाही.
थंडी आली. थंडी वाढली. गाजराने मातीतून लाल डोकं बाहेर काढलं.
मावशी डबाक डबाक करत आली. झुबका धरला. टुपुक!
आलं बाहेर गाजर. लाल लाल. लांब लांब. टिचकीहून मोठं. टिचकी आणि तिचं शेपूट मिळून जेवढं होईल, त्याहूनही मोठं.
मावशीने ते धुतलं आणि टिचकीसमोर ठेवलं.
टिचकीने विचारलं, "अख्खं?"
"अख्खं," मावशी म्हणाली. "तुझंच आहे."

टिचकीने खायला सुरुवात केली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.
सकाळी खाल्लं. दुपारी खाल्लं. संध्याकाळीही खाल्लं. पोट झालं टम्म.
मग पाला दिला गांडूळदादाला. "सावकाश खा," ती म्हणाली. गांडूळ दुसरं कसं खाणार?

तेवढ्यात कौलांवरून आवाज आला. रावसाहेब होते.
"मला गाजर नको," ते म्हणाले. "पण तो लहान उंदीर आज पळणार आहे का?"
टिचकी बिळाच्या दारात आडवी पडली होती. पोट वर करून.
"आज नाही, रावसाहेब," ती म्हणाली. "आज त्याने अख्खं गाजर खाल्लंय. त्याला चालवतही नाही."
आणि ती बिळात घरंगळली. गडगड गडगड. आतून आवाज आला, घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

गाजर गेलं टिचकीच्या पोटात,
गोष्ट राहिली आपल्या ओठात.