जानूची खुंटी

पडवीच्या भिंतीतल्या त्या भोकातून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसतेय ना? तिथे बोट घालू नका. चावणार नाहीत, या माश्यांना नांगीच नसते. तांदळाच्या दाण्याएवढ्या मधमाश्या, आम्ही त्यांना पोया म्हणतो. मी इथला सुतार. किरवंड्यातल्या निम्म्या घरांच्या खुंट्या मी ठोकल्यात आणि प्रत्येक पडवीत एक भोक खुंटीविना सोडलंय. का, ते ऐका.

असं सांगतात की देवीच्या राईत एक उंच किंजळ होता. त्याच्या बुंध्यातल्या ढोलीत पोया राहत. गावकर म्हणजे गावचा मुख्य, त्या विसाजीला नव्या घराच्या तुळईसाठी नेमकं तेच झाड हवं होतं. पण राईतलं वाळकं पानसुद्धा कौलाशिवाय उचलायचं नाही, हा रिवाज. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, वाटणी, चोरीचा आळ, सगळं त्यावरच ठरे. बांधावरून विसाजीशी भांडलेल्या जानूवर आदल्या साली चोरीचा आळ आला, तेव्हाही कौलच लावला होता आणि उजवी पाकळी पडली होती. गावाने त्याला धोंडे मारत वेशीबाहेर काढलं. त्याची आई चंद्राई, विधवा बाई, एकटी राहिली. जानूचं घोंगडं पडवीतल्या खुंटीवर तसंच लटकत होतं.

भिवा गुरवाने झाडाचा कौल लावला. उजवी पाकळी पडली. त्याच दिवशी किंजळ आडवा झाला, ढोली फुटली, मध मातीत गेला.

दुसऱ्या सकाळी गाव देवळात जमला, तर पाषाणावरच्या डाव्या पाकळीवर पोयांचा काळा थर! देवी प्रसन्न झाली म्हणून लोकांनी हात जोडले. प्रसन्न कसली! त्या बिचाऱ्या आपलं लुटलेलं मेण परत न्यायला आल्या होत्या. बघता बघता पाकळी सुटली आणि खाली पडली. तिच्या पाठीला पोयांच्या ढोलीतलं काळं चिकट मेण होतं, ती पडूच नये म्हणून आधीच लावलेलं. देवीच्या अंगाला मेण!

मग चंद्राई पुढे झाली म्हणे.

"भिवा, माज्या जानूचो कौल लायलंस, तेवा पण ह्याच मेण होता काय रे?"

भिवाने विसाजीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मटकन खाली बसला. जानूला धोंडे मारणारे सगळे तिथेच उभे होते. त्यांना एकमेकांकडे बघवेना.

चंद्राई घरी आली. बेघर पोया तिच्या पडवीत घोंगावत होत्या. तिने घोंगडं काढलं, खुंटी हिसकून उपटली आणि म्हणाली, "येवा गे बायांनो. हय एकाची जागा मोकळी आसा."

विसाजीची तुळई राईतच कुजली. जानूचा शोध घेतला, पण तो कधीच सापडला नाही.

आजही आमचा गुरव कौल लावण्याआधी दोन्ही हात धुऊन गावाला दाखवतो. आजही नवं घर झालं की मालकीण मला विचारते, जानूची जागा सोडलीस ना? आणि आजही, त्या साली नेमकं काय चोरीला गेलं होतं असं विचारलंत, तर गावात कुणालाच सांगता येत नाही.