धर्माजी नाखव्याचं भाषण आणि जळालेलं यंत्र

एका बंदराच्या गावात कोळ्यांच्या सोसायटीचं एक छोटं रेडिओ केंद्र होतं. त्याला अँटेना दोन होत्या, एक गावासाठी आणि एक समुद्रावरच्या होड्यांसाठी. आवाजाला ताकद देणारं यंत्र मात्र एकच. खटका फिरवला की ते या अँटेनावरून त्या अँटेनावर जाई.

खटका फिरताना यंत्र चालू राहिलं, तर बाहेर जायला वाट न मिळालेली ताकद उलटून त्याच्यावरच येते आणि ते जळतं. म्हणून बसवणाऱ्याने त्याला एक कुलूप जोडलं होतं. खटका फिरेपर्यंत यंत्र आपोआप गप्प राही. दोन श्वासांपुरतं, बस्स!

सोसायटीचा अध्यक्ष धर्माजी नाखवा याला तेवढंही सोसेना. गावाशी बोलून होड्यांकडे वळताना त्याचं भाषण मध्येच तुटतं म्हणे! घास गिळायला माणूस याहून जास्त थांबतो. पण मोठेपणाची हौस वाईट. त्याने वायरमन बोलावून कुलूप काढायला लावलं.

केंद्र चालवणारी चांगुणा म्हणाली, "नाखवा, त्या कुलपानं यंत्राचा जीव राखलाय."

"तू खटका फिरव. मला अक्कल शिकवू नको."

नोकरीच्या भीतीने ती गप्प बसली. ज्याने गप्प बसायला हवं होतं तो बोलत राहिला, जिने बोलायला हवं होतं ती गप्प!

पहिल्या दोन-तीन भाषणांत काही झालं नाही. "बघ, काय आभाळ कोसळलं?" नाखवा मिशीत हसला. पुढच्या भाषणात "माझ्या दर्यावरच्या भावांनो" म्हणताना खटका फिरला आणि यंत्रातून धूर निघाला.

त्याच संध्याकाळी वारा उठला. होड्यांना परत बोलवायचं, पण बोलवणार कशाने? बायकांनी धक्क्यावर जाळ केले, थाळ्या बडवल्या. बऱ्याच होड्या आल्या. चांगुणाच्या भावाची, पोशाची होडी खडकावर फुटली. पोशा फळी धरून किनाऱ्याला लागला. त्याचा खलाशी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत नाखवा निर्लज्जपणे म्हणाला, "यंत्रच हलकं होतं."

या वेळी चांगुणा उठली. "यंत्र गप बसायला तयार होतं, नाखवा. तुमालाच गप बसवत नव्हतं. आन् मी गप बसले, त्याचं पाप माझ्या माथ्यावर."

सभेत कुणीही नाखव्याची बाजू घेतली नाही. नवीन यंत्र आलं, तेव्हा आधी कुलूप बसलं आणि मगच खटका.

तात्पर्य: जीव राखणाऱ्या नियमाला जो अडथळा म्हणतो, त्याच्या हट्टाची किंमत दुसराच मोजतो; म्हणून त्याच्यापुढे गप्प बसू नये.