घागरीतली किल्ली

टेकडीवरच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या दुर्मिळ ग्रंथविभागात शिरताच तांब्याची एक घागर दिसते, काठोकाठ भरलेली. जुन्या कागदांच्या खोलीत पाणी बघून पाहुणे दचकतात. मग त्यांच्या लक्षात येते, की पोथ्यांच्या एकाही कपाटाला कुलूप नाही. इथून निवृत्त झालेले सेवक रसूलचाचा अजूनही रोज येऊन दाराशी बसतात. कुणी विचारले तर हकिकत सांगतात. त्यांनी ती वडिलांकडून ऐकली.

विद्यापीठ नवे होते, तेव्हा कपाटे आली होती आणि आत ठेवायला काही नव्हते. पहिले ग्रंथपाल वामनराव टेंभुर्णीकर सायकलवर गावोगाव फिरू लागले. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या देव्हाऱ्यातून, कधी नदीत सोडायला काढलेल्या गाठोड्यातून त्यांनी पोथ्या वाचवल्या. प्रत्येक पोथी लाल रुमालात बांधून, कीड लागू नये म्हणून वेखंडाचा तुकडा घालून ते कपाटात ठेवीत. साऱ्या कपाटांची मिळून एकच लोखंडी किल्ली होती आणि ती सदैव त्यांच्या कमरेला असे, म्हणे.

धोंडेपिंपरीत तेव्हा खंडू पाणाडी राहत असे. जमिनीखालचे पाणी हुडकणारे ते घराणे. पंचक्रोशीतले बुजलेले झरे त्यांच्या पोथीत खुणांसकट लिहिलेले होते. पोथीला वाळवी लागली होती, तरी खंडू ती द्यायला तयार होईना.

"सायेब, हीर कुणी कपाटात ठेवतं व्हय?" तो म्हणाला.

"वाळवीनं खाल्ल्यावर कुठं ठेवशील?" वामनराव म्हणाले. "लागेल तेव्हा ये. मी स्वतः उघडून देईन."

खंडूची लेक यमुना घरात एकटीच वाचता येणारी. आधी नक्कल उतरवून घेऊ, मग पोथी न्या, असे तिने सुचवले. पण वामनरावांना पुढच्या गावी पोचायचे होते. नक्कल मागाहून पाठवतो, असा शब्द देऊन ते पोथी घेऊन निघाले. नक्कल कधीच गेली नाही. वामनराव खोटे नव्हते, असे चाचा सांगतात. त्यांना फक्त पुढची पोथी दिसत होती.

खंडू वारला. पुढे दुष्काळ पडला. यमुनेने आठवेल तसे खड्डे खणवले, पण एक खूण चुकली की खडकच लागायचा. माणसे डबक्यातले पाणी पिऊ लागली आणि गावात पटकी शिरली. आजारी मुलाला जावेजवळ ठेवून यमुना रिकामी घागर घेऊन टेकडी चढली. वाटेत कुठे पाणी मिळाले तर मुलासाठी न्यायचे, एवढ्यासाठी घागर.

वामनराव घाटापलीकडे पोथ्या गोळा करायला गेले होते. कारकुनाने काचेतून लाल रुमाल दाखवला.

"ती बघा, सुखरूप आहे."

"मग फोडा की काच."

"बाई, मला तो अधिकार नाही."

यमुना पायरीवर बसून राहिली. वामनराव परतले ते खांद्यावर नवे गाठोडे घेऊन, खुशीत. तिला बघून त्यांचा चेहरा उतरला, असे सांगतात. पोथी उघडली. पिंपरणीच्या झाडाच्या पूर्वेला, आडव्या शिळेखाली, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. शिळा हलवली आणि पाणी लागले. तोवर अर्धे गाव ओस पडले होते. यमुनेच्या मुलाला आदल्याच दिवशी स्मशानात पोचवून आले होते.

तीच घागर भरून ती परत टेकडी चढली आणि कपाटासमोर ठेवून म्हणाली, "आता हेही जपा."

वामनरावांनी सारी कुलपे उघडून काढली आणि कमरेची किल्ली घागरीत टाकली. त्यानंतर त्यांनी एकही नवी पोथी आणली नाही. आणलेल्या प्रत्येक पोथीची नक्कल स्वतः उतरवून ते घरोघर पोचवत राहिले, डोळे जाईपर्यंत. धोंडेपिंपरीची नक्कल त्यांनी सर्वांत आधी केली. ती घ्यायला यमुना दाराबाहेर आली नाही, म्हणे.

आजही ग्रंथालय पोथी स्वीकारते ते नक्कल त्या घरात पोचल्यावरच. कपाटांना कुलपे बसवा, असे दर काही वर्षांनी कुणी विद्वान सुचवतो. चाचा त्याच्याशी वाद घालत नाहीत. घागरीतले ओंजळभर पाणी त्याच्या हातावर घालतात. पाणी रोज सकाळी ताजे भरलेले असते. तरीही ते गंजाच्या चवीचे लागते.