आवडायने शोधलेली घरं

आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर सावरत पळायच्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी शिरवंड नावाचं चाळीस घरांचं गाव होतं. तिथे आवडाय सुईण राहायची. गावातलं जे माणूस तिच्या हातांवर आलं नव्हतं, ते तिच्या आईच्या हातांवर आलेलं. बाळ जन्मलं की आवडाय त्याची नाळ मडकुलीत घालायची आणि त्याच घराच्या उंबऱ्यापाशी खोल पुरायची.

एका सकाळी ती चूल पेटवायला गेली, तर चुलीत कुर्ल्या. अंगणात कुर्ल्या. पुळणीच्या वाळूतली बिळं सोडून त्या डोंगराकडे निघाल्या होत्या. जमीनच चालायला लागली होती, असं म्हणतात.

कुर्ल्या डोंगर धरतात म्हणजे तुफान येणार, हे आवडायने ओळखलं. दारोदार जाऊन ती ओरडली, "उठा गो बायांनो, डोंगरावर चला!"

गावच्या होड्या धर्मा तांडेलाच्या शब्दावर चालायच्या. तो हसला. "आवडाय, समुद्र बघ तरी. तळ्यासारखा निजलाय."

"निजू दे. तू बस त्याच्या उशाशी. तुझ्या सुनेचे दिवस भरलेत, तिला मी नेते."

सून निघाली, तसा तांडेल निघाला. तांडेल निघाला, तसं गाव निघालं.

दुपारी तुफान आलं. माड मुळासकट उडाले. डोंगरातल्या कपारीत सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा आवडायने पुरुषांना वाऱ्याकडे पाठ करून तोंडाशी उभं केलं. "हलाल तर बघा!" कोणी हललं नाही. पोरगी जन्मली, रडली, आणि ते रडणं ऐकायला वारा थांबला, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी माणसं खाली उतरली आणि बघतच राहिली. घर नाही, विहीर नाही, वाट नाही. नुसती सपाट वाळू. माझी जागा ही, नाही माझी, अशी भांडणं जुंपली. काही म्हणाले, इथे आता काय उरलंय, दुसरीकडे जाऊ.

आवडाय एकटीच वाळूत शिरली. चुकले तर? डोळे मिटून ती चालत गेली आणि एका जागी थांबली.

"धर्मा, खण इथे."

कमरेइतकं खणलं, तेव्हा उंबऱ्याचा दगड लागला. त्याच्या कडेला मडकुली. ती पोटाशी धरून एवढा मोठा तांडेल हुंदके देत रडला.

दिवस मावळायच्या आत आवडायने चाळीसही घरं दाखवली. एकही चुकलं नाही, असं म्हणतात. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ज्याला जायचं असेल, त्याने आपली मडकुली उचलावी नि जावं."

एकानेही उचलली नाही.

शिरवंडात आजही नवं घर बांधताना जागा बाळंतपणं करणारी बाईच दाखवते. आता सुईणी राहिल्या नाहीत, म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना मानाने बोलावतात. त्या कुठल्याही गावच्या असोत, त्या सकाळी त्यांचं नाव आवडाय. घरमालक हात जोडून विचारतो, "आवडाय, माझं घर कुठे?"

नर्सबाई चपला काढतात, पाऊल टेकतात आणि म्हणतात, "हे इथे."

मग पहिली कुदळ पडते.